प्लॅन कधी उघडणार?

बापूकाकांची कुणाशी नवी ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठे बसता?" समोरचा माणूस साहजिकच आपल्या ऑफिसचं नाव सांगतो. काकांना ऑफिसात रस नसतो. नाट्यगृहात तुम्ही कुठे बसता हे त्यांना हवं असतं, आणि तुमची कुळी त्या उत्तरावरून ठरते. बाल्कनीवाला म्हणजे होतकरू. कडेच्या खुर्चीवाला म्हणजे शेवटचा प्रवेश अर्धा टाकून गाडी काढायला पळणारा, त्याच्यावर भरवसा नको. पासावर येणारा माणसांत जमाच नाही. काका स्वतः पन्नास वर्षं तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेपासून दुसऱ्या खुर्चीवर बसत आले आहेत. पहिल्या रांगेत नटांची पावलं दिसतात, दुसऱ्या रांगेपर्यंत खलनायकाची थुंकी पोचते, चौथीपासून पुढच्यांची टकलं सुरू होतात. राहता राहिली तिसरी. हे शास्त्र त्यांनी मला दादरला शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांवर समजावून सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि माझ्या हातात त्यांनीच घेऊन दिलेला बटाटेवडा होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

काकांच्या नाटकवेडाबद्दल आमच्या घरात फार आदर आहे. मात्र त्यांना नाटकाबद्दल काही विचारायची सोय नाही. "काका, कालचं नाटक कसं होतं?" असं विचारलं तर ते म्हणतात, "गडकरीला होतं. एसी जास्त. समोर उंच माणूस." संपलं परीक्षण. गोष्ट काय होती, नायिकेचं पुढे काय झालं, हे काकूंना विचारावं. पण काकू दुसऱ्या अंकाला झोपतात. त्या दोघांनी मिळून एकही नाटक पुरं पाहिलेलं नाही, असं माझं मत आहे. मी ते बोलून दाखवत नाही.

सगळ्याची नोंद एका लांबड्या वहीत आहे. किराणा दुकानात उधारीला असते तसली लाल कापडी पुठ्ठ्याची वही. सध्या तिसरी चालू आहे. रकाने सहा: तारीख, नाटक, नाट्यगृह, रांग व खुर्ची, वडा, शेरा. शेरा चार शब्दांवर जात नाही. 'दुसरा अंक लांबला.' 'नायक सर्दीत.' 'पडदा अडकला, मजा.' वड्याच्या रकान्यात मात्र काका मोकळे होतात. एका नोंदीत चटणीवर तीन ओळी आहेत आणि त्या ओळींत मराठी रंगभूमीच्या ऱ्हासाची कारणंही येऊन गेली आहेत.

चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने काकांना ब्रॉडवेवर नेलं होतं. काका तिथल्या नाटकाने दिपले नाहीत, पण ब्रॉडवेची बहुतेक थिएटरं ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर नाहीतच, आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत, हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. पाचशेहून कमी खुर्च्या असतील तर त्या थिएटराला ब्रॉडवेचं म्हणतच नाहीत, हा नियमही पसंत पडला. खुर्च्या मोजून प्रतिष्ठा ठरवणारा देश त्यांना समजूतदार वाटला. वहीतली नोंद अशी: 'रांग तिसरी मिळाली नाही. वडा नाही. मध्यंतर पंधरा मिनिटं, ती बायकांनी रांगेत काढली.'

तर असे काका काशीला निघाले. निमित्त पितृपक्षाचं होतं. काशी आणि गया दोन्ही उरकायचं काकूंच्या मनात बरीच वर्षं होतं, आणि सामान उचलायला म्हणून मी सोबत होतो. गाडीत बसल्यावर काकांनी विचारलं, "काशीचं नाटकाचं काय? दादर-माटुंग्यासारखी वस्ती असेल ना एखादी?" मी दुर्गाघाटच्या तात्यांना फोन लावला.

तात्या आमचे लांबचे नातलग. त्यांचे पूर्वज पेशवाईत काशीला आले ते तिथेच राहिले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात अशी मराठी घरं जुन्या काळापासून आहेत; मुंबईच्या माणसाला पत्ता समजत नाही इतक्या अरुंद गल्ल्या, आणि मधूनच एखाद्या खिडकीतून फोडणीचा ओळखीचा वास. तात्यांचं मराठी सहा पिढ्या गंगेत भिजून आलेलं आहे. ते म्हणाले, "नाटक? अरे, तुम्ही तर एकदम बरोबर टायमाला येऊन राहिलात. रामनगरची रामलीला चालू आहे न."

"तिकिटं?" काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "प्लॅन कधी उघडणार?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तात्या म्हणाले, "प्लॅन तर गोस्वामी तुलसीदासजींनीच करून ठेवला आहे."

हॉटेल मी विद्यापीठाजवळ घेतलं होतं. रिक्षावाला स्टेशनावर ओरडत होता, "लंका, लंका!" काका थबकले. हिंदू विश्वविद्यालयाच्या फाटकाबाहेरच्या वस्तीचं नावच लंका आहे. अस्सीच्या रामलीलेतली लंका तिथे, म्हणून ते नाव पडलं आणि राहिलं. आज तिथे औषधांची दुकानं, पुस्तकांची दुकानं आणि अखंड वाहतूक आहे. काकांनी खिडकीतून लंका नीट पाहून घेतली आणि म्हणाले, "नेपथ्य गच्च आहे." संध्याकाळी तात्यांनी फोनवर सांगितलं की रामनगरची लंका वेगळी, गंगेच्या पलीकडे, गावाबाहेरच्या मैदानात. एका शहरात दोन लंका आहेत म्हटल्यावर काकूंनी हात जोडले. रामाची दगदग त्यांना एकदम समजली.

सकाळी श्राद्ध झालं. दुपारच्या मोकळ्या वेळात काकांनी कबीरचौऱ्याला जाऊन नागरी नाटक मंडळीची इमारत बाहेरून पाहिली. संस्था १९०९ सालची आहे हे कळल्यावर ते दारासमोर क्षणभर टोपी सारखी करून उभे राहिले. आत खुर्च्या असतील, खुर्च्यांना नंबर असतील. त्यांच्या चेहऱ्यावर घरी पत्र टाकल्याचं समाधान होतं.

तीनच्या सुमारास तात्या हॉटेलवर आले तेव्हा मी त्यांना प्रथम पाहिलं. पांढरंशुभ्र धोतर, बंडी, खांद्यावर गमछा, कपाळाला टिळा, कानात अत्तराचा फाया. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बुटका लाकडी पाट, त्याला तात्या पीढा म्हणतात. पिशवीत रामचरितमानसचा गुटका आणि टॉर्च. डोळे किंचित तांबूस आणि फार प्रेमळ. नाहून झाल्यावर ते थोडी 'छानतात', म्हणजे भांग घेतात, हे मला नंतर कळलं. तात्या 'नेमी' आहेत. रामनगरची लीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि कोजागिरीच्या आसपास संपते, एकतीस दिवस. नेमी म्हणजे रोज जाणारा. तात्यांच्या घरी गणपती बसतो, पण त्याला चतुर्दशीला सकाळीच पोचवून तात्या चारच्या आत पलीकडे हजर असतात. "बाप्पा काही बोलत नाही," ते म्हणाले. "त्याला पण माहीत आहे न, ह्याला पुढे जायचं आहे."

काकांनी तात्यांना आपादमस्तक न्याहाळलं. त्यांच्याही अंगावर नाटकाचा पोशाख होता: इस्त्रीचा झब्बा, खिशात चष्मा, हातात वही. दोन संप्रदायांचे महंत भेटावेत तसे ते एकमेकांकडे बघत राहिले.

"कुठे बसता?" काकांनी विचारलं.

"जिथे रामजी बसतात," तात्या म्हणाले. "आज जनकपूरला आहेत. धनुष्ययज्ञ."

"म्हणजे सीतेचं स्वयंवर? आणि मग लग्न?" काकू एकदम सावध झाल्या. "पितृपंधरवड्यात?"

"देवाचं लग्न आहे न, वहिनी. मुहूर्त त्याचा तोच काढतो."

काकूंना हे पटलं नाही. आमच्याकडे या पंधरवड्यात नवा टॉवेलसुद्धा घेत नाहीत. सामने घाटाचा पूल येईपर्यंत त्या गप्प होत्या आणि पुलावर म्हणाल्या, "तरीच बिचारीचं पुढे तसं झालं."

रिक्षात काका आणि तात्यांचं जे झालं त्याला मी वाद म्हणणार नाही. दोघेही फार नम्रपणे बोलत होते. काका म्हणाले, मराठी नाटकाची सुरुवातच सीतास्वयंवराने झाली, विष्णुदास भावे, सांगली, १८४३. तात्या म्हणाले, काशीतसुद्धा पहिलं हिंदी नाटक उभं राहिलं ते 'जानकी मंगल', ३ एप्रिल १८६८. त्यात लक्ष्मणाचं काम करणारा मुलगा ऐन वेळी आजारी पडला म्हणून भारतेंदू हरिश्चंद्र उभे राहिले, तेव्हा त्यांचं वय सतरा. ऐन वेळी बदली नट उभा राहिल्याची गोष्ट म्हणजे काकांचा प्राण, त्यामुळे ते खूश झाले. पण बोट वर करून म्हणाले, "तरी आमचं पंचवीस वर्षं आधी." "हो न," तात्या म्हणाले. "पण रामनगरची लीला तर महाराज उदितनारायण सिंहांच्या काळची आहे. अठराशे तीसच्या आगेमागे." काका तीन चौक बोलले नाहीत. मग त्यांना सुचलं. "तिकीट लावून? आमच्या भाव्यांनी १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग केला."

तात्यांनी थोडा विचार केला. त्यांचा विचार हळू चालतो आणि चालताना दिसतो. "तिकीट लावल्याने नाटक वाढलं का कमी झालं?" त्यांनी विचारलं. कुत्सितपणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रामनगरात थिएटर नाही. म्हणजे गावच थिएटर आहे. अयोध्या एकीकडे, जनकपूर दुसरीकडे, चित्रकूट, पंचवटी, लंका आपापल्या जागी, मध्ये मैलामैलाचे रस्ते, शेतं आणि तळी. नाटक चालू लागलं की प्रेक्षक त्याच्यामागून चालतात. वनवासाला राम निघाला तर नेमीही निघतात. काकांना हे रिक्षातून उतरल्यावर कळलं. "पण माणसाने बसायचं कुठे?" हा प्रश्न त्यांनी तात्यांना विचारला, एका हवालदाराला विचारला आणि एका शेंगदाणेवाल्याला विचारला. शेंगदाणेवाल्याने त्यांना पुडी दिली.

काकू चपला हातात घेऊन गर्दीतून पुढे निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी नाटकाला जाते ती दोन तास बसायला मिळतं म्हणून. इथे तर तेही नाही. चल, बघू तरी."

काकांना आवडण्यासारख्या गोष्टी तिथे बऱ्याच होत्या आणि त्या आवडताहेत हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. पहिली म्हणजे माइक नाही. कॉलरमाइक आल्यापासून काकांचा आणि मराठी नटांचा अबोला आहे. इथे हजारोंच्या गर्दीत दहा-बारा वर्षांची मुलं एकेक अक्षर लांबवत, खड्या सुरात संवाद म्हणतात आणि ते पार मागे पोचतात. विजेचे दिवेही नाहीत. अंधार पडला की गॅसबत्त्या आणि मशाली. प्रॉम्प्टर तर चक्क पात्रांच्या बाजूला उभा, हातात संवादांची पोथी उघडी धरून. त्याला व्यास म्हणतात. "विंगेत जा म्हणावं त्याला," काका पुटपुटले, पण त्याच्याकडे फार आपुलकीने बघत होते. एकीकडे बारा रामायणी कोंडाळं करून बसलेले, मृदंग-झांजांवर मानस गाणारे; ते थोडं गातात, थांबतात, मग पात्रं बोलतात, मग पुन्हा ते गातात. नेमी गुडघ्यावर गुटका उघडून टॉर्चच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून चालले होते. ज्यांना सगळं पाठ आहे तेच चष्मा लावून वाचत होते.

आणि मग ती गोष्ट झाली. संवाद सुरू व्हायच्या आधी व्यास गर्दीवर ओरडला, "चुप रहोऽऽ! सावधान!"

काकांनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे पाणावले होते. ज्या माणसाने आयुष्यभर, चिवड्याची पिशवी उघडणाऱ्यांना, फोन वाजू देणाऱ्यांना, खोकणाऱ्यांना, मागे वळून नुसत्या नजरेने मारलं, त्याला हे पद अधिकृत आहे आणि १९० वर्षं भरलेलं आहे याचा पत्ता नव्हता. "याला म्हणतात संस्था," ते म्हणाले.

जरा वेळाने महाराज उठले. काशीनरेश हत्तीवरून लीला बघतात. ते दिसले की लोक 'हर हर महादेव' म्हणतात, कारण काशीचा राजा म्हणजे शंकराचा माणूस. ते संध्येला गेले आणि लीला थांबली.

"काय झालं?"

"महाराजांची संध्या. एक तास तरी," तात्या म्हणाले आणि पीढा मांडून बसले.

"म्हणजे मध्यंतर!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की दोन नेम्यांनी हात जोडले. ते तरातरा निघाले. मी मागे. आम्ही पान पाहिलं, रेवड्या पाहिल्या, टमाटर चाट पाहिली, वडा नव्हता. शेवटी कुल्हडातली लस्सी घेतली. रामनगरच्या लस्सीचं नाव काशीत मोठं आहे आणि ते खरं आहे. काकांनी पहिला घोट घेतला, साय मिशीला लागली, आणि ते बराच वेळ कुल्हडाकडे बघत राहिले. वहीच्या पाचव्या रकान्याचं मथळ्यासकट काय करावं, असा पेच त्यांच्या चेहऱ्यावर होता.

परतलो तर तात्यांच्या शेजारी, काकांनी रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर, एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. काका आपल्या हिंदीत म्हणाले, "बहेनजी, ये जागा हमारी है. रुमाल डाला है." बाईने रुमालाकडे पाहिलं, तो उचलून पोराचं नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा, इहाँ केकर सीट?"

काकू हसल्या. चाळीस वर्षांत नाट्यगृहात त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. अर्थात त्या तेव्हा झोपलेल्या असत.

काका उभे राहिले. महाराज परत आले, हत्ती आला, आणि आमच्या बरोब्बर पुढ्यात उभा राहिला. स्वयंवर सुरू झालं. एकेक राजा येत होता, धनुष्याशी झटत होता, घामाघूम होऊन जात होता. काकांना राहवेना. तिसऱ्या राजाला ते मला म्हणाले, "हा ओव्हर करतोय." चौथ्याला म्हणाले, "याची एंट्री चुकली." पाचव्याला त्यांनी मराठी रंगभूमीवरचे पडेल राजे या विषयाला हात घातला, आणि नेमका तेव्हाच व्यास ओरडला, "चुप रहोऽऽ! सावधान!"

व्यासाने पाहिलं होतं गर्दीकडे. पण आजूबाजूच्या पन्नास नेम्यांनी पाहिलं काकांकडे. एकाने टॉर्चसुद्धा मारला. काका तोंड अर्धं उघडं ठेवून त्या प्रकाशात उभे होते.

"चाळीस वर्षं मी हेच हळू आवाजात सांगत होते," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काका बोलले नाहीत. धनुष्य मोडलं, 'बोल राजा रामचंद्र की जय' असा आवाज उठला, परशुराम आले, रागावले, समजूत पटून गेले. त्या बाईचं पोर झोपलं होतं. उठून पुढे जाताना तिने ते काही न विचारता काकांच्या हातात दिलं आणि आरती बघायला घुसली. आरतीला महताबी पेटवली तेव्हा त्या पांढऱ्या उजेडात मुकुट घातलेली मुलं एक पापणी न हलवता बसली होती. मुकुट डोक्यावर आहे तोवर ती मुलं मुलं नसतात, तात्यांनी सांगितलं होतं. काकांच्या खांद्यावर मात्र जे होतं ते मूलच होतं आणि ते घोरत होतं. काकांना टाळी वाजवता येईना. वाजवायची तरी कुठे, पडदाच नव्हता.

परतताना तात्या पुढचे बेत सांगत होते. दसऱ्याला महाराज लंकेच्या मैदानात येतात पण रावणाचा वध बघायला थांबत नाहीत, राजाने राजाचं मरण बघू नये म्हणून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात नाटी इमलीचा भरतमिलाप. सूर्य मावळायच्या वेळी, जेमतेम पाच मिनिटं, आणि लोक लाखांनी. "पाच मिनिटं?" काका म्हणाले. "एकांकिकासुद्धा पाऊण तासाची असते." पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"पाहून घ्या न एकदा," तात्या म्हणाले. "आम्ही तर पन्नास वर्षं पाहून राहिलोत, अजून पुरं नाही झालं."

हॉटेलात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. लंकेतली औषधांची दुकानं उघडी होती. काकूंनी मला सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, कोण राजा कसा पडला, लक्ष्मणाने परशुरामाला काय काय ऐकवलं ते. मी तिथेच होतो हे त्यांच्या लक्षात नव्हतं. काकांनी टेबलाशी बसून वही उघडली आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग म्हणाले, "उद्या गयेची गाडी किती वाजता?"

"सकाळी सहाला."

"परवा नाही का जाता येणार? उद्या लग्न आहे म्हणतात तात्या." आणि काकूंकडे न बघता, "पितर इतकी वर्षं थांबलेत."

काका झोपल्यावर मी वही पाहिली. तारीख होती. नाटक: धनुष्ययज्ञ. नाट्यगृह: रामनगर (सबंध). रांग व खुर्ची: तिसरी. पहिलीत रामायणी, दुसरीत महाराज. खुर्ची नाही, एक मूल. 'वडा' या मथळ्यावर बारीक रेघ मारून वर लिहिलं होतं, 'लस्सी, साय भरपूर'. शेऱ्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं, ते वाचता आलं नाही. त्याखाली होतं: 'समोर उंच हत्ती.'